सासूबाईंसाठी आणलेली नवी भांडी

सासू-सासऱ्यांचं आमच्याकडे जपानला यायचं ठरलं तेव्हा मला धसका बसला तो जेवणाचा. बाकी कशाची चिंता नव्हती. कावासाकीतलं आमचं घर लहान आहे, पण चार माणसं अंग चोरून राहू शकतात. फिरवायला योकोहामाचं बंदर आहे, कामाकुराचा मोठा बुद्ध आहे, आणि गाड्यांची मला आता सवय झाली आहे. अडचण एकच होती, ताटात काय वाढायचं.

माझा नवरा ठाण्याचा, बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातल्या मराठी यहुद्यांपैकी. मी पुण्याच्या ब्राह्मण घरातली, चोख शाकाहारी. लग्नाच्या वेळी दोन्हीकडे भरपूर रडारड झाली आणि मग दोन्हीकडची माणसं हळूहळू दमून गप्प बसली. लग्नाआधी आम्ही दोघांनी एक ठरवलं होतं: त्याने बाहेर काय हवं ते खावं, घरात मात्र अंडंसुद्धा शिजणार नाही. तो शब्द त्याने आजवर पाळलाय.

लग्न झालं आणि त्याच्या नोकरीमुळे आम्ही लगेच इकडे आलो. सुट्टीत ठाण्याला गेलो की सासूबाई माझ्यापुरतं वरण-भात-भाजी करायच्या आणि मी पाहुण्यासारखी जेवून उठायचे. ओट्याला हात लावायची वेळच कधी आली नाही. त्यामुळे इतक्या वर्षांत त्या माझ्या हातचं एकदाही जेवल्या नव्हत्या. आता पहिल्यांदाच माझ्या घरी येणार होत्या, आणि मला फक्त एवढंच हवं होतं की त्यांनी माझ्याकडे पोटभर जेवावं. इच्छा साधी होती, पण माझा जीव तिच्यात अडकला होता.

पंचाईत अशी की पप्पांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, बायपासनंतर आई फार कडक झाल्या होत्या. पूर्वी त्यांच्याकडे कोशेर, म्हणजे यहुद्यांचे खाण्याचे नियम, बेताबेतानेच पाळायचे. डुक्कर नाही, कोळंबी-खेकडा नाही, मटणाबरोबर दूध-दही नाही, संपलं. आता बाहेरचा चहासुद्धा बंद होता. नेमकं काय चालतं, मी नवऱ्याला विचारलं.

"सगळं चालतं गं," तो लॅपटॉपमधून मान वर न करता म्हणाला. मग थोड्या वेळाने, "नाही, सगळं नसेल चालत बहुतेक. पप्पांना विचार."

पप्पांना फोनवर विचारलं तर ते म्हणाले, "मला सगळं चालतं, पण तिला विचारू नकोस."

शेवटी मी एका अमेरिकन यहुदी बाईंचे व्हिडिओ पाहिले. दुधाची भांडी वेगळी, मांसाची वेगळी, घासण्या वेगळ्या, फडकी वेगळी. आमच्याकडे मांस येणारच नव्हतं, तरी मी दोन्ही संच आणले. दुधाच्या भांड्यांना निळी चिकटपट्टी, मांसाच्या भांड्यांना लाल. जपानमध्ये कचरा वेगळा करता करता माणसाला तशी सवयच लागते. माझी रोजची भांडी त्यांना चालणार नाहीत हे मी धरूनच चालले होते; त्यांच्यात आजवर मांस-मासा काही शिजलं नाही याची मी खात्री देऊ शकत होते, पण व्हिडिओतल्या बाई फार करारी होत्या.

आई-पप्पा आले. चहा-पाणी झालं. मी हौसेने कपाट उघडून दाखवलं.

"आई, ही सगळी भांडी तुमच्यासाठी वेगळी ठेवलीत. आमच्या भांड्यांत अजिबात मिसळणार नाही मी."

आई बराच वेळ त्या कपाटाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "एवढं कशाला करायचं? मी माझं आणलंय." आणि बॅगेतून त्यांनी डबे काढले. तांदळाच्या भाकऱ्या, चिवडा, सुकी चटणी, खजूर. त्या रात्री मी केलेल्या आमटी-भाताला त्यांनी हात लावला नाही. पप्पांनी हात पुढे केला होता, पण आईंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं आणि तो हात मागे गेला.

भांड्यांत काही चुकलं असावं अशी मी समजूत करून घेतली. पुन्हा व्हिडिओ पाहिला. घासणी कोरी होती, पट्ट्या बरोबर होत्या. दुसऱ्या दिवशी मी सगळं उकळत्या पाण्यातून काढलं. आईंनी दारातून ते पाहिलं आणि तोंड फिरवून त्या खिडकीशी जाऊन बसल्या. मला काही म्हणजे काही कळेना.

नवरा ऑफिसात, म्हणून दोघांना मीच फिरवत होते. योकोहामाला बंदर पाहिलं, बोटी पाहिल्या. पप्पांना चिनी वस्ती बघायची होती. तिथे पावलोपावली डुकराच्या मांसाचे वाफाळते बन विकत होते आणि पप्पा प्रत्येक दुकानासमोर उभे राहून "हे कशाचं गं?" असं विचारत होते, जणू पुढच्या दुकानात वेगळं उत्तर मिळणार आहे. आई नाकाला पदर लावून भराभर चालत होत्या.

बंद पाकिटातलं, नीट वाचून घेतलेलं असेल तर चालेल, एवढी सूट आईंनी दिली होती. मग आमचा मुक्काम कोंबिनीत. प्रत्येक कोपऱ्यावर असलेल्या त्या दुकानांत मी फोनचा कॅमेरा पाकिटांवर धरून एकेक जिन्नस वाचायचे. पावात डुकराची चरबी, परत ठेव. भाताच्या गोळ्यात माशाचा अर्क, परत ठेव. शेवयांत माशाचा अर्क, परत ठेव. या देशात माशाचा अर्क नाही असं काही सापडायला नशीब लागतं. शेवटी केळी, मीठ लावलेले दाणे आणि नुसता गार भात घेऊन आम्ही बाकावर बसायचो. पप्पांचा पट्टा एक भोक आत गेला. आई हूं की चूं करत नव्हत्या. त्यांचं ते न बोलणं मला जास्त लागायचं. वाटायचं, ओरडा तरी एकदा.

मग आम्ही कामाकुराला गेलो. मोठा बुद्ध पाहून पप्पा प्रसन्न झाले. आईंनी दुरूनच पाहिला, म्हणाल्या, "चेहरा शांत आहे हो." तिथून आम्ही समुद्रावर जाऊन बसलो. आईंनी डब्यातली शेवटची भाकरी काढून पप्पांना दिली. पप्पांनी तिच्यावर चटणी पसरली, तोंडापर्यंत नेली, आणि मागून एक घार सप्पकन आली आणि भाकरी घेऊन गेली. तिथे घारी हातातलं खाणं पळवतात अशी मोठी पाटी होती. मी ती वाचली होती, पण माझं सगळं लक्ष जिन्नस वाचण्यात खर्ची पडलेलं.

पप्पा आपल्या रिकाम्या हाताकडे बघत राहिले. हा शांत माणूस इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्यासमोर चिडला.

"बस झालं आता! अगं सूनबाई, त्या दुकानात इतका माशाचा भात आहे, तू रोज परत का ठेवतेस?"

"त्यात मासा असतो पप्पा."

"मग? मासा चालतो की आम्हाला! आमच्या सात पिढ्या माशावर वाढल्यात!"

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. कोशेर तपासता तपासता मी माझंच शाकाहाराचं गणित लावत होते. वर्ज्य म्हणून मासा बाजूला काढत होते आणि दोघं म्हातारी माणसं दाणे चघळत होती. "पण आई, तुम्ही तरी सांगायचं!"

"मला वाटलं, तुला हातात धरवत नसेल," आई म्हणाल्या.

मी धावत जाऊन सामन मासा भरलेले भाताचे गोळे आणले. पप्पांनी तीन खाल्ले. आईंनीही एक खाल्ला, सावकाश, समाधानाने. मला बरं वाटायला हवं होतं. पण वाटलं नाही. कोणा अनोळखी यंत्राने वळलेला भात चालतो आणि मी शिजवलेला चालत नाही. माझं चुकतंय तरी काय? गाडीत मी खिडकीकडे तोंड करून चक्क रडले.

रात्री मी ठरवलं, मासा करायचा. माझ्या घरात, माझ्या ओट्यावर. नवरा म्हणाला, "नक्की? तुला जमेल?" मी म्हटलं, "नाही जमणार, पण करणार."

सकाळी जाऊन सुंदर पांढराशुभ्र मासा आणला. काटा नाही, कातडी नाही, तुकडे एकसारखे. आईंनी तो उलटापालटा केला.

"याचे खवले कुठे आहेत?"

"साफ करून देतात इथे, आई."

"पाकिटावर नाव होतं ते चाललं, पण खवले दिसल्याशिवाय मी कसं ओळखू हा कुठला ते? पर आणि खवले असले तरच चालतो." त्यांचा आवाज मऊ होता. तो मासा संध्याकाळी नवऱ्याने ऑफिसातल्या मित्राला नेऊन दिला.

दुसऱ्या दिवशी आई स्वतःच माझ्याबरोबर निघाल्या. दुकानात एक अख्खा गुलाबी मासा होता. 'ताई' म्हणतात त्याला इथे, सणासमारंभाला लागतो. अंगभर नखाएवढे खवले. आईंनी तो पाहिला मात्र, आल्यापासून पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर खराखुरा आनंद दिसला. दुकानातला माणूस लगेच तो साफ करायला घेऊ लागला. मी म्हटलं, नको, काहीच काढू नका. त्याने पुन्हा विचारलं, मी पुन्हा नको म्हटलं. फुकट मिळणारी सेवा ही बाई नाकारतेय म्हणजे हिला भाषा येत नाही, अशा चेहऱ्याने त्याने मासा बांधून दिला.

घरी आल्यावर आईंनी पदर खोचला आणि नळाखाली खवले काढायला सुरुवात केली. मी शेजारी उभी राहिले. खवले उडून नळावर, काचेवर, माझ्या चष्म्यावर चिकटत होते. मला मळमळत होतं, पण मी हलले नाही. नारळाचं दूध काढून झालं, हिरवं वाटण झालं, आईंनी आणलेली कोकमं भिजली.

"पातेलं दे," त्या म्हणाल्या.

मी कपाट उघडलं आणि अडले. "आई, मासा मांसात धरायचा की दुधात?"

"कशातच नाही. तू वेगळं काढलंयस ना आमच्यासाठी, त्यातलं दे कुठलंही. तुझ्या भांड्यांना विटाळ नको."

तो शब्द मी आमच्या आजीनंतर कोणाच्या तोंडून ऐकला नव्हता. "विटाळ कसला, आई?"

आईंनी हात धुतले. माझ्याकडे न बघता बोलू लागल्या. "पेणला आमच्या शेजारी एक काकू होत्या, तुमच्यातल्याच. फार माया करायच्या माझ्यावर. माझी वेणी घालायच्या, खाऊ द्यायच्या. पण माझा कप मागच्या दाराच्या खिडकीत ठेवलेला असायचा. मीच प्यायचं, मीच विसळायचा, मीच तिथे ठेवायचा. त्या वयात काही वाटलं नाही. तू पहिल्याच दिवशी कपाट उघडून दाखवलंस. म्हटलं, हीपण. एवढी शिकलेली, माझ्या मुलाबरोबर संसार करणारी, पण हीपण. मग उकळत्या पाण्यातून काढलीस सगळी."

मला राग आला, हसू आलं, आणि लाज अशी वाटली की कान तापले. त्यातलं कुठलं खरं हे मला आजही सांगता येणार नाही.

"आई, ती कोशेरसाठी आणली हो मी! माझी भांडी तुम्हाला चालणार नाहीत म्हणून! व्हिडिओ बघून!"

त्यांनी कपाळाला हात लावला. "अगं, तुझ्या घरात मांस नाही, कोळंबी नाही, काही नाही. तुझी भांडी न चालायला झालंय काय? आमच्या मशिदीतलं स्वयंपाकघर एवढं साफ नसेल." ते लोक सिनेगॉगला मशीद म्हणतात.

"मग विचारलं का नाहीत मला?"

"तू तरी कुठे विचारलंस?"

लाल पट्टीच्या पातेल्यात मासा शिजला. शेगडीच्या दुसऱ्या बाजूला माझ्या रोजच्या कढईत आमटी उकळत होती. नवरा लवकर आला आणि दारातच वासाने थबकला, पण शहाण्यासारखा काही बोलला नाही. पप्पांनी दोन्हींवर सारखाच हात मारला. आईंनी आधी माझी आमटी घेतली, माझ्या रोजच्या ताटात, माझ्या भातावर. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते, शाळेत पेपर तपासणाऱ्या बाईंकडे बघावं तसं.

दोन घास झाल्यावर त्या थांबल्या आणि हळूच, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाल्या, "एक खरं सांगशील? समज, ती नवी भांडी आणलीच नसतीस. तर तुझ्या त्या कढईत मासा करू दिला असतास मला?"

मी तोंड उघडलं. हो म्हणणं सोपं होतं, आणि त्या क्षणी मला मनापासून हो म्हणायचं होतं. पण मी कढईकडे पाहिलं, मग खाली पाहिलं.

आईंनी पुन्हा विचारलं नाही. त्यांनी ताटातला उरलेला भात संपवला. मग ताट माझ्याकडे सरकवून म्हणाल्या, "वाढ अजून थोडी. मीठ जरा कमी आहे, पण छान झालीय."