माझ्या कानात, तिच्या छातीत

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. तरुणपणी तर मी एवढी दीडशहाणी, की सून म्हणून चेन्नईत मैलापूरला आले तेव्हा दृष्ट काढणाऱ्या सासूबाईंकडे पुरावा मागितला होता! बीएस्सीची डिग्री, आणि नाक पंख्याला टेकलेलं…

तर झालं असं. गेल्या वर्षी दुपारी जरा आडवी झाले की कानात 'टक्' व्हायचं. कडी सरकवल्यासारखं. मग दोन-चार घाईचे ठोके, की शांत. म्हटलं, भरला आपला कोटा. नात शर्वरी शहराबाहेर दूर ओरगडमला गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. ती रजा टाकून मला इकोला, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीला घेऊन गेली.

छातीवर गार जेल फिरवत तिथल्या बाई म्हणाल्या, "पाट्टी, सुपर हार्ट!" पाट्टी म्हणजे तमिळमध्ये आज्जी.

तेवढ्यात — टक्! स्क्रीनवर माझी झडप शिस्तीत उघडमीट करतेय… आणि शेजारी शर्वरीचा हात छातीवर.

"काय गं?"

"काही नाही, आज्जी. कधीकधी धडधडतं. कॉफी जास्त होते."

"हिचंही बघा. त्याशिवाय मी उठत नाही."

"अगं, तू उठल्याशिवाय मी झोपू कुठे?"

बाईंनी हसत हसत तिचा इको सुरू केला… आणि हसायच्या थांबल्या.

डॉक्टरांनी समजावलं — शर्वरीच्या हृदयातल्या झडपेचा पडदा शिडासारखा मागे फुगतो, आणि तो जिथे जोडलेला असतो ती कड स्नायूपासून जराशी सुटलीय. दर ठोक्याला तिथे ओढ बसते, त्यातून जास्तीचे ठोके. क्वचित जिवावर बेततात. एमआरआय करू.

एमआरआयच्या आधी एका दुपारी ती कारखान्यात, मी घरी. टक्! मी फोन लावला.

"आत्ता धडधडलं?"

पलीकडे यंत्रांची घरघर. त्यातून हळूच, "आज्जी… तुला कसं कळलं?"

एमआरआयमध्ये, जिथे ओढ बसते नेमका तिथेच व्रण निघाला. मी डॉक्टरांना माझ्या कानाचं सांगितलं. म्हणाले, असा आवाज स्टेथोस्कोपने ऐकू येतो. ओरगडमपासून मैलापूरपर्यंत पुरेल एवढी नळी काही त्यांच्याकडे नव्हती.

आता तिला गोळ्या चालू आहेत, छातीत छोटंसं यंत्रही बसवलंय. आणि माझा कान गप्प. तिचे ठोके आवरले म्हणून, की माझा कानच गेला म्हणून? हे सगळं काय होतं, मला अजून उमगलेलं नाही. म्हणून रोज फोन करते. मीटिंगमध्ये असली तरी पोरगी उचलते आणि कुजबुजते, "आहे गं आज्जी, आहे."