ईस्टरची गुलाबी बडीशेप

हातातला चहा आधी खाली ठेवा बघू. नाहीतर हसताना अंगावर सांडाल आणि म्हणाल, मार्थाने आधी सांगितलं नाही. मी तेव्हा रडून रडून डोळे सुजवून घेतले होते, पण तुम्ही खुशाल हसा.

आम्ही हॉलंडमधल्या लायडनला आलो आणि तीनच महिन्यांत करोना आला. माझे मिस्टर सुहास इथल्या सायन्स पार्कात लॅब टेक्निशियन आहेत. आमची एस्तेर तेव्हा चार वर्षांची. राहायला आलो त्याच गल्लीच्या टोकाला डच लोकांचं चर्च होतं. तिथे आम्ही मोजून तीन रविवार गेलो असू, आणि दार बंद झालं. पुढे सगळी उपासना कॉम्प्युटरवर.

आता तुम्हीच सांगा, कॉम्प्युटरवर कोणाची ओळख होते का? मी राहुरीकडची. आमच्या चर्चच्या मंडळीत नवीन सून आली की पहिल्या रविवारी तिचं नाव, माहेर आणि ती भाकरी कशी थापते हे सगळ्यांना ठाऊक. इथे वर्ष झालं तरी मी म्हणजे "त्या भारतीय माणसाची बायको". पाळकसाहेब प्रार्थनेत म्हणायचे, "सुहास आणि त्याचं कुटुंब." मी कुटुंबात. मला तर वाटायचं, उद्या मी या करोनात गेले तर हे लोक फुलं कोणाच्या नावाने पाठवतील?

मरणाचा विचार मी रोज करायचे, ते वेगळं. मी भाज्या साबणाने धुवायची. दाराच्या कड्या पुसायची. एस्तेर एकदा शिंकली की मी दोनदा तिचा ताप बघायची. सुहास म्हणायचे, "अगं, तुझ्या आईने तुझं नाव बघूनच ठेवलं. बायबलातली मार्थासुद्धा इतकी काळजी करत नव्हती."

तर दुसऱ्या वर्षीचा ईस्टर जवळ आला. माझ्या मनात आलं, आपल्याकडे सणाला शेजारीपाजारी फराळाचं ताट जातं. आपणही मंडळीतल्या घरोघरी काहीतरी पाठवू. म्हणजे प्रीती पण होईल आणि नाव पण कळेल. खरं सांगू का? प्रीती दुसऱ्या नंबरवर होती.

एवढ्या घरांच्या करंज्या तळायच्या म्हणजे घरातला धुराचा भोंगा वाजणार. मग दुकानात गेले तर काय दिसावं? आपल्या चहाच्या टोस्टसारखे गोल गोल टोस्ट, आणि शेजारीच डब्यात साखरेत घोळलेली बडीशेप, गुलाबी आणि पांढरी. माझा जीव हरखला. चहाबरोबर टोस्ट आणि जेवणावर बडीशेप, याहून आपलेपणाचं काय असतं? डब्यावर बाळाचं चित्र होतं, ते मी बघितलं. पण आपल्याकडे बिस्किटाच्या पुड्यावरही बाळाचं चित्र असतं. म्हणून काय पुड्यातून बाळ निघतं?

मी चार-चार टोस्ट आणि बडीशेपेची एक-एक पुडी अशा पिशव्या भरल्या. गुलाबीला शोभेल म्हणून गुलाबी रिबीन बांधली. मी सातवी शिकलेली, पण डचच्या वर्गाला जात होते. तिथे शिकलेलं एक वाक्य सुबक अक्षरात प्रत्येक पिशवीवर लिहिलं: मोठ्या आनंदाने कळवतो. आणि खाली दुप्पट मोठ्या अक्षरात, मार्था. ईस्टर काही लिहिलं नाही. सण तोंडावर असताना कोण लिहितं?

बाहेर जायची माझी हिंमत नव्हती. सुहास सायकलवरून गेले. बेल दाबायची, पिशवी पायरीवर ठेवायची, लांब उभं राहून हात हलवायचा. लोक विचारत, "मार्था कशी आहे?" आणि आमचे हे सत्यवचनी सांगत, "थकलीय हो. दोन दिवस फार कष्ट झाले. आता पडलीय."

दुसऱ्या दिवसापासून आमचा फोन थांबेना. अभिनंदन, मार्था. मुलीबद्दल अभिनंदन, मार्था. बघा, माझं नाव! आणि त्याच आठवड्यात एस्तेरचा सहावा वाढदिवस होता. इथे वाढदिवस मुलाचा असला तरी आईबापाचं, मामाचं, शेजाऱ्याचंसुद्धा अभिनंदन करतात. म्हणजे माझ्या लेकीची तारीखही यांना माहीत? मी गहिवरले.

मग ट्रूस आजींचा फोन आला. या ऐंशीच्या पुढच्या, एकट्या राहणाऱ्या. करोना आल्यापासून उंबऱ्याबाहेर पाय टाकला नव्हता, दिवसभर विणत बसायच्या. त्यांनी हळू आवाजात विचारलं, "पोरी, फार त्रास झाला का गं तुला?"

आता मला आदल्याच आठवड्यात खोकला झाला होता आणि करोनाची चाचणी करायला जातेय, प्रार्थना करा, असं मी मंडळीच्या ग्रुपवर टाकलं होतं. मला वाटलं, त्याचंच विचारतायत.

"नाही आजी. एका मिनिटात झालं."

"एका मिनिटात?"

"हो. गाडीतच. खाली उतरलेपण नाही."

पलीकडे विणायच्या सुया खाली ठेवल्याचा आवाज आला. मग त्या म्हणाल्या, "आणि सुहास?"

"ते शेजारी बसले होते ना, मोबाईल बघत. मग घरी आलो आणि आमटीभात खाल्ला."

आजी म्हणाल्या, "देव तुला बळ देवो." मला वाटलं, काय भाविक बाई आहे.

संध्याकाळी पाळकसाहेबांचा फोन. लेकीचं नाव काय, दूध व्यवस्थित पिते ना, असं विचारायला लागले.

मी म्हणाले, "एस्तेर. आणि दुधाचं काही विचारू नका. चॉकलेट पावडर घातल्याशिवाय तोंड लावत नाही."

ते म्हणाले, "असं का? बरं, प्रत्येक देशाची आपापली पद्धत असते." हे डच लोक इतके समजूतदार, की तुम्ही खड्ड्यात चालला असाल तरी तुमच्या संस्कृतीचा मान राखून बाजूला उभे राहतील.

मग यायला लागल्या भेटी. सूप आलं, केक आला. मंडळीची सगळी कामं बघणाऱ्या योकेबाई येऊन आमच्या खिडकीपुढे हा एवढा लाकडी बगळा रोवून गेल्या. त्याच्या चोचीत गाठोडं. मी सुहासना म्हणाले, "आपल्याकडे बगळा म्हशीच्या पाठीवर बसतो, इथे ईस्टरला खिडकीत बसवतात."

ते म्हणाले, "गाठोड्यात काय असेल?"

"अंडी असतील, दुसरं काय."

आणि ट्रूस आजींनी पाठवले लोकरीचे मोजे. गुलाबी, इवले इवले, दोन जोड. मी एस्तेरच्या पायाला लावून बघितले, अंगठ्यातच अडकले. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. इथे उकडलेलं अंडं गार होऊ नये म्हणून त्याला लोकरीची टोपी घालतात, हे मी वर्गातल्या पुस्तकात बघितलं होतं. ईस्टर म्हणजे अंडी. अंडी म्हणजे टोप्या. मी शेवटी या देशात रुळले होते.

ईस्टरची सकाळ. उपासना झाली, मग कॉम्प्युटरवरच कॉफी. चौकोनाचौकोनात सगळे कप घेऊन बसलेले. ट्रूस आजींचा चौकोन वर्षभर काळा असायचा, नुसता आवाज. आज त्यात त्या दिसत होत्या, मोत्यांची माळ घालून. योकेबाई म्हणाल्या, "ट्रूसनं खास आजच्यासाठी नातवाकडून कॅमेरा लावून घेतलाय."

पाळकसाहेब हसून म्हणाले, "मार्था, आम्ही सगळे वाट बघतोय. दाखवा ना."

मी तयारच होते. आतून ताट आणलं आणि कॅमेऱ्यासमोर धरलं. चार उकडलेली अंडी, प्रत्येकाला एकेक गुलाबी मोजा.

एका काकांचा कप ओठापाशीच थांबला.

"छान आहेत," पाळकसाहेब म्हणाले. "आणि... एस्तेर?"

"एस्तेर, ये गं इकडे, बोलावतायत."

आमची लेक आली. तोंडात अंडं, हातात मीठ, पुढचा एक दात पडलेला. सगळ्यांना हात केला.

योकेबाईंनी जपून विचारलं, "ही मोठी. बाळ कुठाय?"

एस्तेर डच शाळेत जाणारी, तिचं डच माझ्यापेक्षा खणखणीत. तिने तोंडातलं अंडं गिळलं आणि सांगून टाकलं, "आमच्याकडे बाळ नाहीये." मग मान वर करून मला मराठीत म्हणाली, "मम्मी, टोस्टवर गुलाबी बडीशेप बाळ झाल्यावर देतात. माझ्या वर्गात ज्याला बहीण होते तो आणतो."

धरणी दुभंगून पोटात घ्यावं म्हणतात ना, तसं झालं. सूप, केक, गाठोड्यात बाळ आणणारा बगळा, गाडीतला तो एक मिनिट, सगळं ओळीने डोळ्यांपुढून गेलं. आणि या चौकोनात मोत्यांची माळ घालून बसलेली म्हातारी, बाळ बघायला. माझं डच तर पार पळून गेलं. मला एवढंच आठवलं, "माफ करा. बाळ नाही. बडीशेप. जेवणानंतर खायची." आणि मी रडायला लागले. एक वर्ष धडपड केली की या लोकांनी आपल्याला ओळखावं, आणि आता ओळखणार ती खोटारडी म्हणून.

ट्रूस आजींनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला आणि पुढे वाकून म्हणाल्या, "पोरी, ते ताट जरा जवळ धर."

मी धरलं.

"बरोबर बसलेत गं," त्या म्हणाल्या. "मला वाटलं होतं, टाच सैल होईल."

आणि अशा हसायला लागल्या की माळ हलायला लागली. मग कपवाले काका, मग योकेबाई, मग पाळकसाहेब. आजींना मध्येच आठवलं, "म्हणजे गाडीत काय झालं होतं?" मी नाकात काडी घालून दाखवली. त्यावर तर पाळकसाहेब खुर्चीवरून उठून बाहेरच गेले.

दोन दिवसांनी मी सूपाचं भांडं घासून योकेबाईंकडे पाठवलं आणि मोजे धुऊन आजींच्या पायरीवर ठेवायला स्वतः गेले. लांब उभी राहिले. आजींनी दारातूनच सांगितलं, "ने परत. अंड्यांना गार लागेल."

पाळकसाहेब फोनवर म्हणाले, "आता मंडळीत तुमचं नाव माहीत नाही असं कोणी उरलं नाही." मी हसले, पण फोन ठेवल्यावर मनाला लागलं. प्रभूने सांगून ठेवलंय की दान करायचं तर असं गुपचूप करा की एका हाताचं दुसऱ्याला कळू नये. मी तर दुप्पट मोठ्या अक्षरात नाव घातलं होतं. ते अक्षर घातलं नसतं, तर बगळा निदान दुसऱ्या कोणाच्या खिडकीत गेला असता. मी गुडघे टेकून ठरवलं, यापुढे जे द्यायचं ते नावाशिवाय.

आणि मी पाळलंही. नाताळात परत सगळं बंद झालं तेव्हा मी नानकटाई केली, साध्या पिशव्यांत भरली आणि अंधार पडल्यावर सुहासना पाठवलं. बेल दाबायची नाही, हात हलवायचा नाही. माझं मन असं हलकं झालं, काय सांगू.

नाताळच्या कॉफीला जो तो नानकटाईचं कौतुक करत होता. इतकी खुसखुशीत, वेलची घातलेली, कोणी केली असेल? कपवाले काका म्हणाले, "योके, हे तुझंच काम."

योकेबाईंनी खाली बघितलं, लाजल्या, आणि म्हणाल्या, "जाऊ द्या हो."

मी आवाज बंद करून सुहासकडे वळले. "ऐकलंत? जाऊ द्या म्हणते. वेलची कशाशी खातात हे तरी माहीत आहे का तिला?"

"अगं, स्वर्गात नोंद झाली असेल तुझी."

"स्वर्गात झाली. पण ग्रुपवर नको व्हायला?"

ते म्हणाले, प्रार्थना कर, शांत होशील. केली. नाही झाले. शेवटी मी फोन उचलला आणि पाळकसाहेबांना म्हणाले, "ती नानकटाई गुपचूप वाटणारी बाई मी आहे. हे कोणाला कळू नये अशी माझी फार इच्छा होती. तेवढं येत्या रविवारी सगळ्यांना सांगाल का?"