केरबाच्या टपरीवरचं कात्रण

कुरवंडे गावची प्रतीक्षा टॅबलेटवर चित्रं काढते. नागफणीचा कडा, धुकं, धुक्यातल्या म्हशी. चित्रं चांगली आहेत, पण नुसत्या चांगल्या चित्रांना विचारतो कोण? डिझाइनच्या एका बड्या इंग्रजी मासिकात तिच्यावर दोन पानं छापून आली, तेव्हा कुठं पुण्या-बंगळुरूची कामं तिच्या दारात आली.

मुलाखत घेणारी बाई फोनवर सारखी विचारत होती, ‘‘घरून विरोध झाला असेल ना?’’ प्रतीक्षा आधी नाही म्हणाली. बाईचा उत्साह मावळला, तशी ही घाबरली आणि बोलून गेली, ‘‘वडिलांनी एकदा टॅबलेट चुलीत घातला होता.’’

केरबानं, तिच्या बापानं? ज्या माणसानं भर पावसात आपल्या कणसांच्या टपरीची ताडपत्री सोडून गळक्या घरात तिच्या टेबलावर बांधली आणि आपण डोक्यावर पोतं घेऊन कणसं भाजली, त्यानं! पण पुढच्या प्रत्येक मुलाखतीत तीच चूल पेटत राहिली. खुलाशाची मेल तिनं कितीदा लिहिली आणि खोडली. हाती आलेली कामं जातील, ही धास्ती.

केरबाला इंग्रजी येत नाही. लेकीचा फोटो आलाय, एवढं त्याला बास होतं. त्यानं ती पानं लॅमिनेट करून टपरीवर टांगली. पर्यटक कणीस खात वाचायचे आणि त्याच्याकडं विचित्र नजरेनं बघायचे. कामासाठी पुण्याला राहायला गेलेल्या प्रतीक्षाला एका मैत्रिणीनं त्या कात्रणासकट टपरीचा फोटो पाठवला, तेव्हा तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं तडक टपरी गाठली.

‘‘आबा, हे काढू या. रंग पार उडालाय.’’

‘‘ऱ्हाऊ दे. तुजा फोटू हाय त्यात.’’ केरबा निखाऱ्यांना वारा घालत होता. ‘‘मागं एक पोरगी आलती, तिनं मराठीत वाचून दावलं मला.’’

कात्रण काढायला गेलेला प्रतीक्षाचा हात तिथंच थांबला.

‘‘लय आठवून बघितलं गं. मला तर कायबी आठवत न्हाई. पर तू सांगितलंस म्हंजी घडलं आसंल माज्याकडनं. चुकलं पोरी माजं.’’

‘न्हाई आबा, मी खोटं बोलले,’ एवढंच म्हणायचं होतं. तेवढ्यात गाडीतून एक गिऱ्हाईक उतरलं आणि तिला सुटल्यासारखं वाटलं. त्या सुटल्यासारखं वाटण्याची लाज तिला अजून जाळते.

गिऱ्हाईक कात्रणापुढं थांबलं. त्याला नीट वाचता यावं म्हणून केरबा जरा बाजूला सरकला.