माझ्या बादलीतली दुसऱ्याची टरफलं

ये गं लेकी, जवळ सरक. चष्मा लाव आधी. डोळे बारीक करून वाचू नको, नंबर वाढलाय तुझा, मला काय दिसत नाय व्हय? आणि आज मधी बोलायचं नाय. परवा फोनवर तू अर्धं ऐकलंस, मागं तुझ्या कुकरच्या शिट्ट्या चालू, आणि वर मलाच म्हणालीस, "आई, एवढ्याशा वासाचं काय घेऊन बसलीस?" एवढासा वास! म्हणून लिहायला बसले. कागदावरचं तरी पुरं वाचशील.

तू दिवाळीला तो एअर फ्रायर आणलास तेव्हा मी तोंड वाकडं केलं होतं, कबूल आहे. झिंगे म्हणजे तव्यावर तेल चुरचुरलं पाहिजे, ह्या डब्यात काय होणार, असं वाटलं मला. पण महिन्याभरात त्या मशीनशिवाय माझं पान हलेना. पैठणकडचे झिंगे बाजारात आले की आणायचे. सोलायचे, पाठीतला काळा दोरा काढायचा, मिठाच्या पाण्यातनं धुवायचे. मग ठेचलेला लसूण, हळद, लाल तिखट, आपला काळा मसाला, लिंबू, आणि तेल म्हणशील तर चमचाभर. हातानं चोळून ठेवायचे, तोवर मशीन तापतं. सात-आठ मिनिटांचा खेळ. मधी एकदा जाळी ओढून हलवायची, आणि आखडून लाल झाले की लगेच काढायचे. जास्त ठेवले की रबर. हे कुणी शिकवलं नाय मला, दोनदा रबर चावून शिकले.

टरफलांचं मात्र माझं पहिल्यापासून एक आहे. पेपरात गुंडाळायची, पिशवीत घालून गाठ मारायची, आणि घंटागाडी आली की स्वतः खाली नेऊन टाकायची. दाराबाहेरच्या बादलीत कधी नाय. गुडघे कुरकुरले तरी नाय. ह्या बिल्डिंगमध्ये बौद्धांचं घर आपलं एकट्याचं. कुणी तोंडावर कधी काय बोललं नाय, पण बोलायला जागा ठेवायची नाय हे तुझ्या बाबांनी आणि मी राहायला आलो त्या दिवशीच ठरवलं होतं. माझ्या दारापुढचा जिना मी अजून रोज पुसते.

आता वरच्या मजल्यावरची वैनी. ती तुला माहीत आहे, पण ती माझ्याकडं झिंगे खायची हे तुला माहीत नाय. तिच्या घरात अंडंसुद्धा येत नाय. एकदा दुपारी शेंगदाण्याच्या चटणीची वाटी परत द्यायला आली आणि स्वयंपाकघराच्या दारातच थबकली. मी नुकतीच जाळी काढली होती.

"हे काय हो ताई?"

"झिंगे. तुमच्यात चालत नाय."

"चालत नाय," म्हणाली, पण हलेना. मग म्हणे, "दिसायला भज्यांसारखंच दिसतंय की."

"मग भजी समजून खा."

खाल्ला एक. डोळे मिटले. दुसरा उचलला, तिसरा उचलला, आणि तोंड भरलेलं असताना मला म्हणते, "आमच्यात चालत नाय हं ताई!" आम्ही दोघी अशा हसलो की मला ठसका लागला आणि तिनंच माझ्या पाठीत बुक्क्या घातल्या.

तिथनं सुरू झालं. सून बँकेत गेली, तिचे साहेब दुकानात गेले की वैनी खाली. खाऊन झालं की बेसन लावून हात धुवायची, लिंबाची फोड चोळायची, आणि हात माझ्या नाकाशी धरायची. "बघा ना ताई, येतोय का वास?" मी म्हणायची, "येतोय. पोलिसात देते तुला." लहान पोरीसारखी खिदळायची. तुझे बाबा गेल्यावर, खरं सांगू, घरात मोठ्यानं हसायला मला तीच होती.

आणि सोलणं मी तिच्यापुढं कधी केलं नाय. कच्चा झिंगा, त्याच्या मिशा, पाय, ते सगळं बघून तिला किळस येईल, पुन्हा यायची नाय, म्हणून ती यायच्या आधीच सगळं आवरून ठेवायची. तिला दिसायची ती मसाला लावलेली ताटली. वास झिंगे शिजताना येत नाय गं फार, त्या मशीनमध्ये तर नायच. वास असतो टरफलांचा. पण हे तिला ठाऊक कुठनं असणार?

उन्हाळ्यात मी दोन दिवस बिडकीनला तुझ्या मामाकडं गेले ना, त्याच्या आदल्या दिवशी वैनी आली. "ताई, मशीन ठेवून जाता का? नातवंडांना बटाटे करून घालते." मी म्हणाले, ने की. जाताना दारातनं वळली. "मसाला पण द्या थोडा. बटाट्याला लावीन म्हणते." डबी भरून दिली. मला काय संशय येणार? घरचे सगळे जालन्याला लग्नाला चाललेत आणि ही पाय दुखतात म्हणून मागं राहणार आहे, हे मला मागनं कळलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी रिक्षातनं उतरले, जिना चढले, तर माझ्या दारापुढं माणसं. सोसायटीचा सेक्रेटरी, तळमजल्यावरची बाई, आणखी दोघं-तिघं. नाकाला रुमाल. माझ्या बादलीचं झाकण काढलेलं, त्यात एक उघडी पिशवी, वर माशा. घंटागाडी दोन दिवस आली नव्हती आणि ऊन तर असं होतं की लोखंडी कठड्याला हात लावता येईना.

मी वाकून बघितलं. झिंग्यांची टरफलं. पण कशी? टरफलाबरोबर निम्मं मांस ओरबाडून निघालेलं, डोकी कात्रीनं कापलेली. आयुष्यात पहिल्यांदा झिंगा हातात धरलेल्या माणसाचं काम. आणि मी तर त्या आठवड्यात झिंगे आणलेच नव्हते.

"काकू, गावाला जाताना तरी टाकून जायचं," सेक्रेटरी म्हणाला. "जिन्यात उभं राहवत नाय."

तळमजल्यावरची म्हणाली, "तुमच्यात चालतं, आमचं काही म्हणणं नाही. पण बाकीची घरं आहेत ना इथं."

तेवढ्यात वरच्या पायऱ्यांवर वैनी दिसली. शेजारी तिची सून, लग्नाहून परतलेली, सुट्टी होती तिला. मी वैनीकडं बघितलं. मला वाटलं, आता ही खाली येईल. आली नाय तरी निदान मान खाली घालेल. आणि ती मला म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली,

"ताई, पिशवीला गाठ तरी मारत जा हो."

माझ्या कानात नुसतं गरम झालं. एक वाक्य पुरं होतं. मी दोन दिवस बिडकीनला होते, माझं मशीन वैनीकडं आहे, जाऊन जाळी हुंगा. वाक्य ओठावर आलं होतं, लेकी. मग तिच्या सुनेकडं बघितलं. आज मी बोलले तर ह्या बाईचं घरात काय होईल, ते सगळं माझ्या डोळ्यापुढं आलं, आणि मी ती पिशवी उचलली आणि खाली कोपऱ्यावरच्या कचराकुंडीत टाकून आले. परत येईपर्यंत जिना रिकामा होता. मग बादली घासली, जिना पुसला, फिनाईल टाकलं. पाणी प्यायचं राहूनच गेलं. मैत्री तिच्या जिभेला आडवी आली नाय, माझ्या जिभेला आली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मशीन घेऊन आली. चकाचक धुतलेलं. ओट्यावर ठेवलं आणि रडायला लागली.

"ताई, सुनेसमोर काय बोलणार होते मी?"

"काहीच नको होतं बोलायला. गप राहायचं. गप राहिली असतीस तर मी म्हणाले असते, घाबरली बिचारी."

"माझी भीतीनं गाळण उडाली हो. तोंडातनं गेलं."

"आणि पिशवी? ती पण भीतीनं माझ्या दारात गेली?"

पदरानं नाक पुसत म्हणाली, "आमच्या बादलीत सापडली असती तर मला घरात उभं केलं नसतं ताई. तुमचं काय बिघडलं? तुमच्याकडं होतं हे सगळ्यांना माहीतच आहे."

बघ, इथं मला लागलं. त्या तळमजल्यावरच्या बाईचं नाय लागलं एवढं. ती परकीच होती. ही माझ्या ताटात जेवलेली. तुमचं काय बिघडलं! म्हणजे माझी इज्जत आधीच डागाळलेली, त्यात आणखी एक डाग पडला तर कुणाला दिसतोय? इतकी वर्षं मी जिना पुसते तो कशासाठी पुसते, हे तिनं रोज येता-जाता बघितलं, आणि कधी तिच्या मनात आलंच नाय.

मी म्हणाले, "वैनी, माझा गॅस चालू आहे. ये तू." गॅस काय चालू नव्हता.

तेव्हापासून ती खाली आलेली नाय. जिन्यात भेटली तर विचारते, "जेवण झालं का ताई?" मी म्हणते, "झालं." तू म्हणशील, माफ करून टाक आई. नाय होत. उद्या होईल की काय, सांगता येत नाय, पण आज होत नाय. आणि चोरी तिची असून तिच्या पायांचा आवाज आला की दार लोटते मी. याचा राग तर वेगळाच.

झिंगे बंद केले नाहीत मी. का करू? परवा केले, अगदी नेमके झाले होते. ताटली घेऊन बसले आणि चार खाऊन उठले. पाव किलो झिंगे एकट्या माणसाला लई होतात गं. चांगला झालाय का तिखट झालाय, हे कुणीतरी सांगावं लागतं.

म्हणून म्हणते, ये तू. पोरांची परीक्षा, जावयाची रजा, हे सगळं ऐकून झालंय माझं. ह्या शनिवारी निघ, दोन दिवस राहा. सकाळी दोघी बाजारात जाऊ, तू सोल, मी मसाला लावते. लवकर ये बाई, वाट बघते.