विंगेतला खोकला

नाटक कंपनीतला प्रॉम्प्टर म्हणजे ज्याचं तोंड सतत चालतं, पण आवाज प्रेक्षकांना ऐकू येता कामा नये असा माणूस. या प्रॉम्प्टरने तर अठरा वर्षं विंगेत बसून खोकलासुद्धा गिळला. प्रयोगाआधी खोकला दाबायचं औषध दोन झाकणं घ्यायचा. नायकाला पाठांतराचं वावडं, त्यामुळे याला जागचं हलायची सोय नव्हती. एवढ्या निष्ठेचं फळ मिळणारच! वर्षाला तीनदा ताप आणि रोज वाटीभर पिवळा कफ मिळू लागला.

अखेर बायकोने त्याला धरून छातीच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. स्कॅन पाहून त्या म्हणाल्या, "ब्राँकिएक्टॅसिस. लहानपणी मोठा न्यूमोनिया झाला होता ना? श्वासनळ्या कायमच्या रुंद, सैल झाल्यात. कफ आपसूक वर सरकत नाही. तिथेच साचतो, त्यात जंतू वाढतात आणि नळ्या आणखी बिघडतात."

"तरी प्रयोगात मी खोकला दाबून धरतो," प्रॉम्प्टर अभिमानाने म्हणाला.

डॉक्टरबाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, कचरा बाहेर टाकणाऱ्यालाच कोंडून ठेवलंत! हे पूर्ण बरं होणार नाही. पण रोज कफ काढलात तर आहे ते सांभाळता येईल. खोकला आला की खोकायचं."

तेव्हापासून रोज सकाळी तो कुशीवर आडवा व्हायचा आणि बायको पोकळ तळव्याने त्याची पाठ थोपटायची. "अठरा वर्षांचं माझंही साठलंय हो," म्हणत जरा जोरातच थोपटायची. कफ सुटायचा, छाती हलकी व्हायची. धास्ती मात्र एकच: विंगेत खोकलं की नोकरी गेलीच.

रविवारच्या दुपारच्या प्रयोगात नायक नेहमीच्याच वाक्यावर अडला आणि नेमका तेव्हाच कफ वर आला. प्रॉम्प्टरने वही खाली ठेवली आणि तो मनसोक्त खोकला. डबीत थुंकला, तोंड पुसलं, घोटभर पाणी प्यायला. मगच वाक्य दिलं. तोवर नायक ओठ थरथरवत उभा. प्रेक्षकांना तो अभिनय वाटला. टाळ्यांचा कडकडाट झाला.

पडदा पडताच नायक धावत विंगेत आला. प्रॉम्प्टरने पिशवी आवरायला घेतली होती.

"काय पॉज मिळाला! रोज याच जागी खोकत जा," नायकाने फर्मावलं.

नोकरी वाचली होती. प्रॉम्प्टरला आधी रडू आलं, मग भयंकर राग आला. अठरा वर्षांत पहिल्यांदाच तो विंगेत मोठ्याने बोलला.

"खोकला माझा आहे, साहेब. यायचा तेव्हा येईल. तुम्ही वाक्यं पाठ करा."