विनताची मटरगाडी

विनता काय करते असं कुणी विचारलं की तिचा बाप, म्हणजे माझा भाऊ विष्णू, म्हणायचा, "कम्प्युटरचं काम." मी म्हणायची, "मोबाइलवरचे खेळ बनवते." मग विचारणारी बाई एकदा माझ्याकडे बघायची, एकदा विनताच्या रिकाम्या गळ्याकडे, आणि विषय बदलायची. तिशी ओलांडलेली मुलगी, लग्न नाही, पुण्याची नोकरी सोडून घरी आलेली आणि खेळ बनवते. जबलपूरच्या आमच्या मराठी लोकांना एवढं कळलं की पुरतं. बाकीचं ते स्वतःच जुळवून घेतात.

आमचे वडील भंडाऱ्याहून इथे नोकरीला आले. पुढे राज्यांच्या सीमा बदलल्या, भंडारा तिकडे गेला, आम्ही इकडे राहिलो. विष्णू खमरियाच्या फॅक्टरीत तपासणीच्या कामाला लागला. तयार माल बाहेर जाण्याआधी त्यातले नग उचलून पाहायचे. एक जरी खोटा निघाला तरी अख्खा ढीग अडवायचा, लाल खडूनं फुली मारायची. दुरुस्त होऊन आला की तपासणी परत पहिल्यापासून. मागच्या वेळी हे ठीक होतं, असं म्हणून पुढे जायचं नाही. दारूगोळ्याचं काम असंच करायला हवं, त्यात वाद नाही. विष्णूनं ते जन्मभर केलं आणि उत्तम केलं. पण त्याला दुसरं काहीच येत नव्हतं, आणि हे त्याला कोणी कधी सांगितलं नाही.

तो रिटायर झाला आणि त्याच वर्षी माझी भावजय सरोजिनी गेली. क्वार्टर सोडून रांझीत नवं घर बांधलं होतं. त्या घराच्या बैठकीत विष्णू खुर्ची भिंतीकडे वळवून बसू लागला. दाढी नाही, बोलणं नाही. सकाळी फॅक्टरीचा भोंगा वाजला की उठून उभा राहायचा, मग काही सुचायचं नाही म्हणून परत बसायचा. मी नेपियर टाउनच्या माझ्या घरून जाऊन डोकं फोडून घ्यायची. "अरे, भाजी तरी आण!" आणायचा. अर्धे टोमॅटो दुकानदाराच्या तोंडावर परत मारून आणायचा.

अशात विनता पुण्याहून आली. तिथे ती एका मोठ्या कंपनीत दुसऱ्यांच्या खेळातली झाडं हलवायचं काम करायची. झाडं वाऱ्यानं कशी हलतात, एवढंच. कंटाळली होती.

मी तिला स्वयंपाकघरातच गाठलं. "बापासाठी आलीस की स्वतःच्या खेळासाठी?"

"दोन्ही, आत्या."

"दोन्ही नसतं गं. एक काहीतरी आधी असतं."

ती हसली आणि पोहे परतत राहिली.

वरच्या खोलीत तिनं काम सुरू केलं. सोबत दोघं. एक हेमचंद्र, तिचा कॉलेजातला सोबती. त्याचं घराणं भोसल्यांच्या चाकरीत इकडे आलेलं, अजून ते घरात बोलून दाखवतात. पोरगा हुशार, हात जलद, जीभ त्याहून जलद. प्रोग्राम तो लिहायचा. दुसरी अंजनी, इथून जवळच्या पनागरच्या मटर पिकवणाऱ्या घरातली. चित्रं तिची. मराठी तिला येत नव्हती, पण विष्णूचं ओरडणं तिला भाषेशिवाय समजायचं.

खेळाची कल्पना अंजनीच्या घरातूनच आली. पनागरहून मटरच्या शेंगा भरलेली तीनचाकी गाडी घेऊन निघायचं आणि शहरातल्या मंडीत पोचायचं. रस्त्यात खड्डे, रेल्वेचं फाटक, वरात, मध्येच बसलेली गाय. गाडी उसळली की शेंगा सांडतात. ज्याच्या कमी सांडतील तो जिंकला. नाव ठेवलं 'मटरगाडी'. मला खेळांतलं काही कळत नाही, पण मी तो पहिल्यांदा हातात घेतला आणि दूध उतू गेलं, एवढं सांगते.

खंडेनवमीला विष्णूच्या घरी हत्यारांची पूजा असते. फॅक्टरीतल्या लोकांच्या घरी ती जरा जोरात असते. त्या वर्षी पाटावर विष्णूचा माल मापायचा जुना गेज होता आणि शेजारी विनतानं आपले कम्प्युटर मांडले. हळदकुंकू झालं, आरती झाली. आणि सगळ्यांसमोर ती बापाला म्हणाली, "बाबा, आमचा माल तुम्ही तपासायचा. तुम्ही पास केल्याशिवाय काही बाहेर जाणार नाही."

विष्णूनं तिच्याकडे बघितलं. किती महिन्यांनी तो कुणाकडे नीट बघत होता. "पक्कं?"

"पक्कं."

"मग मधी बोलायचं नाही. मी नापास केलं म्हणजे नापास."

"नाही बोलणार."

हेमचंद्र हसत होता. त्याला ती पूजेतली गंमत वाटली. विनतालाही वाटलं असेल की बापाला कशात तरी गुंतवायला बरं आहे. दोघांनाही विष्णू ठाऊक नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून भोंगा वाजला की विष्णू दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून जिना चढू लागला. खुर्चीत ताठ बसून खेळायचा. चूक सापडली की कम्प्युटरच्या कडेला लाल खडूची फुली. पास झालं की हिरवी रेघ. हिरवा खडू त्यानं कोरा आणून ठेवला होता आणि तो फार दिवस कोराच राहिला.

पुढच्या हिवाळ्यात, मटरच्या ऐन हंगामात, खेळ तयार झाला. मी तिथे होते. विष्णू खेळत होता. गाडी गायीला धडकली आणि गाय सरळ वर गेली. पाय हलवत, शांतपणे, वर वर, ढगांत.

अंजनी किंचाळली, "अरे, गइया उड़ गई!" हेमचंद्र खुर्चीवरून पडला हसून. मीही हसले. विष्णूनं खडू उचलला.

"काका, काका, थांबा ना! ही चूक राहू द्या. लोक हसतील!"

"लोक हसतात म्हणून माल पास करून राहिला तू?"

"बंदूक नाही बनवली हो आपण. गाय उडाली तर कोण मरून राहिलं?"

"जमिनीवरची गाय जमिनीवर राहायला पाहिजे," विष्णू म्हणाला आणि फुली मारली.

गाय खाली आणण्यात महिने गेले. ती खाली आली तर गाडीचं चाक रस्त्यात घुसू लागलं. ते बाहेर काढलं तर वरातीतला घोडा उलटा चालू लागला. प्रत्येक दुरुस्तीनंतर विष्णू पुन्हा पहिल्या खड्ड्यापासून सुरू करायचा. शेजाऱ्यांचे, दूधवाल्याचे, देवळातल्या पुजाऱ्याचे मोबाइल मागून आणायचा, प्रत्येकावर वेगळी तपासणी. हेमचंद्र समजावून थकला. "काका, खेळ आधी बाहेर जाऊ द्यायचा असतो. लोक चुका सांगतात, आपण दुरुस्त करून पुन्हा पाठवतो. सगळी दुनिया असंच करते."

"बाहेर गेलेला माल परत येत नाही."

"हा येतो! तेच तर सांगून राहिलो!"

विष्णूला ते शेवटपर्यंत पटलं नाही. त्याच्या जन्मात दरवाज्याबाहेर गेलेली वस्तू परत आलीच नव्हती.

मी विनताला विचारलं, "तू काहून गप्प आहेस?"

"वचन दिलं आहे, आत्या."

"वचन! पूजेच्या पाटावर दिलेलं ना? पाट उचलला केव्हाचा."

"ते जेवतात आता. आई गेल्यापासून पहिल्यांदा स्वतः वाढून घेतात." एवढंच म्हणाली. मला तिचा राग आला, आणि ती खरं बोलत होती म्हणून आणखी राग आला.

पुढचा हिवाळा आला. बंगळूरच्या एका कंपनीला खेळ आवडला. संक्रांतीपर्यंत बाजारात आणा, आम्ही सव्वीस जानेवारीला आमच्या सगळ्या ग्राहकांना दाखवू, असं त्यांनी कळवलं. अशी संधी यांच्यासारख्या तिघांना दुसऱ्यांदा मिळत नाही. हे अंजनीलाही माहीत होतं, आणि मला वाटतं जिन्याखालच्या कुत्र्यालाही.

संक्रांतीच्या दुपारी मी तिळगूळ घेऊन गेले. वर चौघंही. विष्णू शेवटची तपासणी करत होता. खड्डे पार, वरात पार, गाय जमिनीवर. विनताचा हात अंजनीच्या हातात. गाडी फाटक ओलांडून मंडीकडे वळली आणि विष्णू थांबला.

"हे काय आहे?"

चष्मा पुसून मीही पाहिलं. फाटकाच्या दांड्याजवळ हवेत एक शेंग लटकत होती. कशालाही न लागता. एक हिरवी शेंग.

"काकाजी, एक फली है," अंजनी म्हणाली. रडवेली झाली होती.

विष्णूनं खडू घेतला. फुली मारली, खडू जागेवर ठेवला आणि खाली हात धुवायला गेला.

हेमचंद्रनं विनताची खुर्ची आपल्याकडे वळवली. "दाब. खेळ तुझ्या नावावर आहे, बाजारात सोडायचं बटण तुलाच दाबायचं आहे. दाब, विनता. त्यांना कळणारही नाही."

"कळेल."

"मग कळू दे! दोन वर्षं झाली, बाई!"

मी म्हटलं, "दाब गं. मी बघते त्याचं."

तिचा हात माउसवर होता. खालून नळाचा आवाज येत होता. विष्णू घरात कुठेही असला तरी कळतो, हात धुतो तेसुद्धा फॅक्टरीत धुतल्यासारखे, कोपरापर्यंत. ती ते ऐकत होती. मग तिनं हात काढून मांडीवर ठेवला. "मी दाबलं तर त्यांचं हे सगळं खोटं होईल, हेमू. उद्या भोंगा वाजल्यावर ते वर कशासाठी येतील?"

"आणि आम्ही? आम्ही कशासाठी येऊन राहिलो?"

बाप हात पुसत वर आला आणि म्हणाला, "चलो, पहिल्यापासून."

हेमचंद्र त्या दिवशी तिळगूळ न घेताच गेला. महिन्याभरात हैदराबादला नोकरी धरली. जाताना विनताच्या पाठीवर थाप मारली आणि विष्णूला वाकून नमस्कार केला. संस्कार चांगले. वर्षभरानं त्यानं आणि त्याच्या नव्या मित्रांनी खेळ काढला. त्यात टोमॅटोची गाडी आहे. खड्डे आहेत, फाटक आहे, वरात आहे. आणि गाय उडते. मुद्दाम उडवलेली. गाय उडतानाची चित्रफीत माझ्या मोबाइलवर नागपूरच्या पुतण्यानं पाठवली, कामवालीच्या मुलीनं दाखवली, आणि देवळाबाहेर फुलं विकणारा बघत बसला होता. सगळा देश हसला म्हणतात. मी हेमचंद्रला फोन करून सुनावलं. तो म्हणाला, "आत्या, मी विचारलं होतं तिला. ती म्हणाली, घे, आमच्याकडे ती गाय नापास आहे."

विनताला विचारलं, खरं का? म्हणाली, खरं.

त्या पावसाळ्यात विष्णूनं 'मटरगाडी' पास केली. हिरव्या खडूचं टोक पहिल्यांदा झिजलं. पेढे वाटले, रांझीत घरोघर. खेळ बाजारात गेला. तेव्हा मटरचा हंगाम नव्हता, बंगळूरची कंपनी ओळख विसरली होती. ज्या थोड्यांनी खेळ घेतला त्यांनी खाली लिहिलं की ही टमाटरवाल्यांची नक्कल आहे. एकानं लिहिलं, "इसमें तो गाय भी नहीं उड़ती." अंजनीनं ते मला वाचून दाखवलं आणि मग मोबाइल पालथा ठेवला. तीही पुढे पनागरला परत गेली. शाळेच्या भिंतींवर चित्रं काढते, ठेक्यानं.

विनता आता शहरातल्या एका दवाखान्यात बिलांचा प्रोग्राम सांभाळते. सकाळी स्कूटी काढते तेव्हाच भोंगा होतो. वरची खोली तशीच आहे. विष्णू जिना चढतो, खेळ उघडतो, पहिल्या खड्ड्यापासून मंडीपर्यंत जातो. माल बाहेर गेला तरी नमुना तपासत राहायचा असतो म्हणे.

मागच्या रविवारी मी तिथे जेवायला होते. विष्णूची तब्येत छान आहे. आमटी दोनदा घेतली. मग विनताकडे वळून म्हणाला, "काय गं, मटरगाडीची एखादी कंप्लेंट?"

ती भाकरी मोडत होती. "एकही नाही, बाबा."

"इतक्या दिवसांत एकही नाही?"

"नाही."

विष्णू माझ्याकडे वळला. त्याचा चेहरा उजळला होता, सरोजिनी होती तेव्हा असायचा तसा. "ऐकून राहिली ना, ताई? ते हेमचंद्र मला शिकवत होतं. त्याच्या खेळात रोज चुका निघतात, पेपरात येते. आपल्या मालाची एक कंप्लेंट नाही."

मी तोंड उघडलं होतं. कोणी खेळतच नाही तो खेळ, तर तक्रार करायला कोण येणार, हे सांगायला दोन वाक्यंसुद्धा लागली नसती. विनतानं माझ्या पानात भाकरी वाढली, मी नको म्हणत असताना, आणि तो हात तिथेच माझ्या मनगटावर दाबून धरला.

मी भाकरी खाल्ली. कोरडी होती.