पाळण्यावरचं प्लास्टिक

पुलाचा चढ संपला तरी भाची रिक्षा करू देईना. "बसले की झोपेन, आणि झोपले की बाळ हातातून सुटेल," ती म्हणाली. तीस तासांची ड्यूटी करून निघालेली डॉक्टर. चार महिन्यांचं बाळ छातीशी धरलेलं. मागे पिशव्या सांभाळत मावशी.

बहीण गेल्यावर मावशीनेच तिला वाढवलं होतं. आता तीच रोज दुपारी बाळाला हॉस्पिटलात घेऊन जायची. चादरींच्या कोठीत, दाराला पाठ लावून, भाची त्याला पाजायची. बाहेरून कुणीतरी दार वाजवायचंच. हल्ली तिचं दूधही आटत चाललं होतं.

हॉस्पिटलातच खाली स्तनपानासाठी गुलाबी भिंतींची खोली होती म्हणे. प्लास्टिकसकट नवा पाळणा, पंखा, सगळं होतं. किल्ली मोठ्या डॉक्टरांच्या खणात. हा गृहस्थ दर शनिवारी तरुण डॉक्टरांना दोन तास बसवून मनःशांती शिकवायचा, आणि ड्यूटी संपवून घरी गेलेल्याला गैरहजेरीचा खुलासा मागायचा. देवाची रोज आठवण काढणाऱ्या मावशीच्या तोंडी त्याच्यासाठी मात्र चांगला शब्द येत नसे.

"आज बोलावलं होतं त्यांनी," भाची म्हणाली. "उद्या अकराला ती खोली तपासायला समिती येतेय. बाळाला पाळण्यात ठेवायचं, फोटो काढायचा. पाजून आणा म्हणाले, रडारड नको."

"हेच ना ते, आईपण घरी ठेवून या म्हणणारे?"

"तेच."

"आणि तू काय म्हणालीस?"

"'बरं सर' म्हणाले. परीक्षेच्या फॉर्मवर त्यांची सही हवीये."

"वा. त्यांना फोटोपुरतं लेकरू हवंय. पाळण्यावरचं प्लास्टिक तरी काढलंय का?"

"फोटोआधी काढतील."

मावशीला हसू आलं, पण ते कडूच होतं. बाळ झोपेत ओठ हलवत होतं. भाची कठड्याला टेकली. तिचे डोळे मिटत होते, आवाज मात्र जागा होता.

"मावशी, उद्या नऊनंतर त्याला काही देऊ नकोस."

"उपाशी ठेवू लेकराला?"

"दोन तास. रडू दे त्याला समितीपुढे. मी त्याला तिथेच पाजायला घेईन. तू दारात खुर्ची टाकून बस. फोटो झाला म्हणून कुणी कुलूप घेऊन आलं, तर उठू नकोस."